मिनिएचर इफेक्ट फसतो तेव्हा: फोटो खेळण्यासारखा न दिसता नुसताच धूसर का दिसतो?

मिनिएचर इफेक्ट म्हणजे खऱ्या दृश्याचा फोटो छोट्या खेळण्यातल्या मॉडेलसारखा दिसावा अशी करामत. तो फसल्याची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, पण फोटो खेळण्यासारखा दिसतच नाही." उंचावरून काढलेला फोटो, मधोमध टिल्ट-शिफ्टचा पट्टा (तेवढाच भाग स्पष्ट ठेवणारा), वर-खाली भरपूर ब्लर, रंग भडक. तरी गाड्या खऱ्याच वाटतात आणि फोटोवर कुणीतरी तेलकट बोट फिरवल्यासारखं दिसतं. मग आपण ब्लरचा स्लायडर आणखी पुढे ढकलतो आणि फोटो आणखी बिघडतो.

मीही बरेच दिवस हेच करत होतो. डोकं ताळ्यावर आलं ते एका सिग्नलच्या खांबामुळे. रेल्वे यार्डाचा फोटो होता, पादचारी पुलावरून घेतलेला. पट्टा मधल्या रुळांवर बसवला होता. डबे झकास, रूळ झकास, पण काहीतरी खटकत होतं. झूम करून पाहिलं तर त्याच रुळांशेजारचा सिग्नलचा खांब पायाशी कोरल्यासारखा स्पष्ट, कमरेपासून धुरकट होत गेलेला आणि वरचे दिवे तर पार विरघळलेले. खांब एक, पुलापासून त्याचं अंतर एक, मग शेंडाच धूसर कसा? बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण त्याचा डोळा फसत नाही एवढं खरं.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो. एखाद्या वस्तूला किती ब्लर द्यायचा हे तिचे पाय जमिनीला कुठे टेकलेत त्यावरून ठरवायचं. फोटोत तिचं डोकं किती वर गेलंय त्यावरून नाही. बहुतेक फसलेले फोटो या एका नियमाने दुरुस्त होतात. उरलेल्यांचं काय करायचं तेही पुढे आहेच.

मुळात डोळा फसतो कशाने

वस्तू जितकी जवळ तितकी डेप्थ ऑफ फील्ड (फोटोत पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती खोली) कमी, हे मॅक्रो फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. टेबलावरच्या खेळण्याचा फोटो काढला की पुढचं-मागचं सगळं धूसर होतं. वर्षानुवर्षं असे फोटो बघून आपल्या मनात गणित पक्कं झालेलं असतं: पुढेमागे इतका ब्लर आहे, म्हणजे कॅमेरा हातभर अंतरावर असणार, म्हणजे वस्तू लहान असणार. आपण फक्त या गणिताला खोटे आकडे पुरवतो.

आकडे नेमके किती मोठे हे एकदा मांडून बघण्यासारखं आहे. मॉडेल रेल्वेत एचओ नावाचं प्रमाण सर्रास वापरतात, 1:87. या प्रमाणात 40 मीटरवरून काढलेला फोटो म्हणजे जवळपास 46 सेंटीमीटरवरून काढलेला फोटो. अशा मॉडेलवर कुणी 50 मिलिमीटरची लेन्स एफ/8 वर लावली, तर तिच्या ॲपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत येणाऱ्या भोकाचा, व्यास होतो 6.25 मिलिमीटर. तोच ब्लर खऱ्या रस्त्यावर 40 मीटरवरून हवा असेल तर ॲपर्चर 87 पट लागेल, म्हणजे सुमारे 54 सेंटीमीटर. अर्ध्या मीटरहून मोठं भोक असलेली लेन्स! ती कुणी गळ्यात अडकवून फिरत नाही, म्हणून एकतर लेन्स तिरकी करायची किंवा एडिटिंग करायचं.

तिरक्या लेन्सचा उल्लेख आलाच आहे तर एक गैरसमज दूर करतो. "खऱ्या टिल्ट-शिफ्ट लेन्सने असला घोळ होत नाही" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. होतो. लेन्स तिरकी केली की फोकसचं प्रतलही (ज्या सपाट पातळीतलं सगळं स्पष्ट दिसतं ती) तिरकं होतं. या नियमाला थिओडोर शाइमफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याचं नाव आहे, त्याचं पेटंट 1904 चं. कॅननने 1973 मध्ये 35 मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी तिरकी होणं (टिल्ट) आणि बाजूला सरकणं (शिफ्ट) दोन्ही करणारी लेन्स आणली. पण तिरकं झालं तरी ते प्रतल सपाटच. उभा खांब त्याला एखाद्याच उंचीवर छेदणार आणि बाकीचा धूसर होणार. म्हणजे सिग्नलच्या खांबाचा घोळ महागड्या लेन्सनेही होतोच. एडिटिंगमध्ये तो टाळता येतो, इतकंच नव्हे तर या बाबतीत एडिटिंग त्या लेन्सच्या एक पाऊल पुढे आहे, असं माझं मत.

पट्टा काढून टाका, अंतराचा नकाशा बनवा

आता एक गंमतीची गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. सपाट जमीन, वरून तिरकं बघणारा कॅमेरा. अशा फोटोत फोकसच्या रेषेपासून वर किंवा खाली जितके पिक्सेल जाल, तितक्याच सरळ प्रमाणात खरा ब्लर वाढतो. कारण असं की ब्लरच्या ठिपक्याचा (एक बिंदू धूसर होऊन जेवढा पसरतो त्याचा) आकार अंतराच्या व्यस्तावर, म्हणजे 1 भागिले अंतर यावर, अवलंबून असतो, आणि सपाट जमिनीवर अंतराचा व्यस्त क्षितिजापासून खाली एकसारखा वाढत जातो. म्हणजे साधा, सरळ, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा ग्रेडियंट हाच सपाट जमिनीचा अचूक नकाशा आहे. वेगळं काही गणित लागत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ब्लर क्षितिजापाशी कमाल होतो आणि तिथून वर तसाच राहतो. आकाशात तो वाढत गेला तर चूक. दोन, फोकसच्या रेषेपासून वर आणि खाली ब्लर वाढण्याचा वेग सारखाच हवा. खालचा भाग जरासा आणि वरचा भाग ढगात, असं केलं की डोळा लगेच ताडतो.

फोटोशॉपमध्ये हे असं करतो. चॅनल्स पॅनेलमध्ये नवा अल्फा चॅनल (नुसत्या काळ्या-पांढऱ्या-करड्या छटा साठवणारा थर). त्यात फ्रेमच्या तळापासून क्षितिजापर्यंत सरळ ग्रेडियंट, तळाशी काळा, क्षितिजाशी पांढरा, त्यावर सगळा पांढरा. क्षितिज फ्रेमबाहेर असेल तर ग्रेडियंट फ्रेमबाहेर जाऊ द्या, म्हणजे फोटोच्या वरच्या कडेला फिका करडा येईल, पांढरा नाही. मग उभ्या वस्तू. खांबाच्या पायाशी जो करडा आहे तो आयड्रॉपरने उचलायचा आणि त्याच करड्याने खांब शेंड्यापर्यंत रंगवायचा. पुढची इमारत घ्यायची, तिच्या पायाचा करडा, पुन्हा तेच. झाडं, क्रेन, पाण्याची टाकी, सगळ्यांना हेच. ज्या वस्तू फोटोत बुटक्या आहेत (गाड्या, माणसं) त्यांच्या वाटेला जायचं नाही. तिथे फरक दिसत नाही आणि वेळ मात्र जातो.

मग फिल्टर, ब्लर, लेन्स ब्लर. डेप्थ मॅपचा स्रोत म्हणून तो अल्फा चॅनल निवडायचा आणि प्रिव्ह्यूमध्ये जिथे फोकस हवा तिथे क्लिक करायचं. फोकस नंतर हलवावासा वाटला तर दुसऱ्या जागी क्लिक केलं की झालं, नकाशा तोच. पट्टेवाल्या पद्धतीत हे सुख नाही.

ब्लर गॅलरीतलं टिल्ट-शिफ्ट वापरणारच असाल तर निदान रेषा समजून घ्या. दोन सलग रेषांच्या मधला भाग स्पष्ट राहतो. सलग आणि तुटक रेषेच्या मध्ये ब्लर चढत जातो. तुटक रेषेपलीकडे तो पूर्ण असतो. वरची तुटक रेषा क्षितिजावर ठेवा, खालची मधल्या पट्ट्यापासून तितक्याच अंतरावर, मग ती फ्रेमबाहेर गेली तरी चालेल. सलग रेषा जवळजवळ आणा. क्षितिज कललेलं असेल तर पट्टाही तितकाच कलता करा. डिस्टॉर्शनचा स्लायडर शून्यावर असू द्या. फोनवरच्या ॲपमध्ये नकाशा बनवायची सोय सहसा नसते, पण केलेला इफेक्ट ब्रशने पुसायची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. फोकसमध्ये पाय असलेल्या एखाद-दुसऱ्या उंच वस्तूवरचा ब्लर तेवढा पुसून काढला तरी निम्मं काम होतं. आणि गोल किंवा लंबगोल आकाराचा ब्लर या कामाला वापरू नका. जमीन गोलाकार लांब जात नाही.

एक आधार देतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये ब्लर आणि आकाराचा भास यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ब्लर ज्या दिशेने वाढतो ती दिशा आणि अंतर ज्या दिशेने वाढतं ती दिशा जुळली तर दृश्य लहान वाटतं. दोन्ही दिशा एकमेकींना काटकोनात पडल्या तर तो भास टिकत नाही. थोडक्यात, सरसकट ब्लरचा उपयोग नाही, तो अंतराच्या मागे जायला हवा.

"मी मास्क बरोबर केलाय, तरी सगळं दुधाळ दिसतं"

ही दुसऱ्या नंबरची तक्रार, आणि हिचं कारण अगदी वेगळं आहे. फोटोच्या लेअरची कॉपी केली, कॉपीवर मोठा ब्लर मारला, तिच्यावर ग्रेडियंटचा लेअर मास्क (लेअर कुठे किती दिसावा हे ठरवणारा पडदा) लावला. दिसायला तर्क बरोबर वाटतो. पण मास्क अर्धा असतो तिथे अर्धा ब्लर मिळत नाही. तिथे 50 टक्के स्पष्ट फोटो आणि 50 टक्के पूर्ण ब्लर झालेला फोटो एकमेकांवर दिसतात. जवळून पाहिलं तर प्रत्येक कडेला भुतासारखी सावली असते, आणि स्पष्ट रेषा धुक्यातून डोकावत असतात. लग्नाच्या जुन्या अल्बममधला सॉफ्ट फोकस आठवतो, खेळणं आठवत नाही.

लेन्स ब्लरसारखा नकाशा वाचणारा फिल्टर असेल तर हा प्रश्न येत नाही, कारण तो प्रत्येक पिक्सेलला वेगळी त्रिज्या देतो. नसेल तर एका कॉपीऐवजी चार-पाच कॉप्या करा, त्रिज्या चढती ठेवा (समजा 2, 4, 8, 12 पिक्सेल) आणि प्रत्येकीचा मास्क शेजारच्या मास्कवर थोडासाच चढू द्या. शेजारच्या दोन पायऱ्यांत फरक कमी असला की भूत दिसत नाही.

खांबाभोवती तेजोवलय

नियम पाळून खांब स्पष्ट ठेवला की बऱ्याचदा नवीन दुखणं सुरू होतं: खांबाभोवती त्याच्याच रंगाचा पुसट पट्टा. कारण ब्लर करताना खांबाचे पिक्सेल मागच्या पार्श्वभूमीत मिसळले गेले, आणि वर तुम्ही स्पष्ट खांब ठेवलात. खऱ्या लेन्समध्ये मागचं धूसर दृश्य खांबाने झाकलेलं असतं, खांब त्यात कालवला जात नाही.

याला एकच इलाज मला पटतो. खांब आधी कापून वेगळ्या लेअरवर घ्यायचा. खालच्या लेअरवरून तो क्लोनने किंवा कंटेंट-अवेअर फिलने पुसून टाकायचा. पुसलेली जागा ओबडधोबड असली तरी काही बिघडत नाही, ती ब्लरमध्ये जाणारच आहे. आता खालच्या लेअरला ब्लर द्यायचा आणि वर खांब ठेवायचा. वलय गेलं.

पुढच्या बाजूला नेमकं उलटं. कॅमेऱ्याजवळचं झाड असेल, त्याचे पाय फ्रेमच्या तळाशी, पण शेंडा फोकसच्या पट्ट्यापर्यंत पोचलेला. नियमाप्रमाणे सगळं झाड धूसर हवं. नुसता मास्क लावून केलं तर झाड आतून धूसर आणि कडेने कात्रीने कापल्यासारखं दिसतं. ते झाडही वेगळ्या लेअरवर घ्या आणि त्या लेअरला पारदर्शक कडांसकट ब्लर द्या, म्हणजे पानांची कड मागच्या स्पष्ट भागावर पसरेल. या एका गोष्टीने फोटोत जितका फरक पडतो तितका रंगांच्या दहा स्लायडरने पडत नाही. खरं तर इतकं करण्यापेक्षा असं झाड क्रॉप करून टाकणं बरं, पण प्रत्येक वेळी ते जमत नाही.

फोनवर छान, मोठ्या पडद्यावर गेला की जादू संपली (किंवा उलट)

ब्लरची त्रिज्या पिक्सेलमध्ये असते, हे विसरल्याने हा प्रकार होतो. 6000 पिक्सेल रुंद फोटोवर 20 चा ब्लर दिला आणि मग तो 1200 वर आणला, तर उरला फक्त 4. म्हणून आधी फोटो अंतिम मापाला आणा, मग इफेक्ट द्या. मूळ मापावरच काम करायचं असेल तर पिक्सेल विसरा आणि टक्क्यांत विचार करा.

किती टक्के? वरचंच 1:87 चं उदाहरण पुढे नेलं, 36 मिलिमीटर रुंद सेन्सर धरला, तर क्षितिजापाशी ब्लरच्या ठिपक्याचा व्यास येतो सुमारे 0.76 मिलिमीटर, म्हणजे फ्रेमच्या रुंदीच्या 2 टक्क्यांच्या आसपास. त्रिज्या त्याच्या निम्मी, 1 टक्का. 1200 पिक्सेलच्या फोटोत साधारण 12 ते 13 पिक्सेल. 6000 च्या फोटोत 60 ते 65. मी सुरुवात इथून करतो आणि बहुतेक वेळा थोडा खालीच येऊन थांबतो. कुणी 3 टक्क्यांच्या पुढे नेला की मागची इमारत ओळखूही येत नाही, आणि ओळखू न येणारी गोष्ट लहान वाटणार तरी कशी?

ब्लर बरोबर, तरी लहान वाटत नाही

मग बहुतेकदा दोष मूळ फोटोत असतो. माणसाच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत जमीन एवढीशी पट्टी असते, त्यावर अंतराचा खेळ रंगत नाही. टेबलावरच्या मॉडेलकडे आपण वरून तिरकं बघतो, साधारण 30 ते 45 अंशांत. फोटोही तसाच हवा. ड्रोनने अगदी सरळ खाली बघून काढलेला फोटो दुसऱ्या टोकाचा: त्यात सगळी जमीन कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असते, म्हणून वर-खाली ब्लर देण्याला काही अर्थच नाही. तिथे पट्टा ओढून कितीही डोकेफोड केली तरी उपयोग होत नाही. दुसरा फोटो घ्या.

दूरचं धुरकट वातावरण हाही चुगलखोर. लांबवरचं फिकट निळसर दिसतं कारण मध्ये खूप हवा असते, आणि टेबलावर एवढी हवा नसते. डिहेझ किंवा कर्व्हने ब्लरच्या आधीच ते काढून टाका. आकाश जमेल तितकं कापा. रंग आणि कॉन्ट्रास्ट वाढवायचा सल्ला सगळेच देतात, तो बरोबर आहे, रंगवलेल्या प्लास्टिकचा भास त्यातून येतो. फक्त सॅच्युरेशन सरसकट वाढवू नका. गाड्या, छपरं, डबे यांचे लाल-पिवळे-निळे उचला, गवत आणि रस्ता राहू द्या.

फारसं कुणी सांगत नाही ते म्हणजे तपशील. फोकसमधला भाग अतिस्पष्ट असला की त्यातले तारांचे धागे, भिंतीवरचे पोपडे, झाडाचं पान न् पान दिसतं. खेळण्यात इतकं काम कोण करतं? म्हणून मी स्पष्ट पट्ट्यात शार्पनिंग करत नाही, उलट मीडियन फिल्टर 1-2 पिक्सेल फिरवतो आणि मग कॉन्ट्रास्ट देतो. पृष्ठभाग गुळगुळीत होतात, कडा शाबूत राहतात. जाहिरातीच्या फलकांवरची बारीक अक्षरं यात आपोआप पुसली जातात, तेही बरंच.

उन्हात चमकणाऱ्या काचा ब्लरमध्ये राखाडी होत असतील तर कारण गॉशियन ब्लर (सगळं सारखं पसरवणारा साधा ब्लर). त्याजागी लेन्स ब्लर वापरून हायलाइटची ब्राइटनेस किंचित वाढवा आणि थ्रेशोल्ड 250 च्या वर ठेवा. फार खाली आणलात तर प्रत्येक टपावर पांढऱ्या थाळ्या तरंगतील. आणि ब्लर झालेल्या सपाट भागात पट्टे पडले तर 16 बिटमध्ये काम करून शेवटी सगळ्या फोटोवर थोडा नॉईज टाका. ब्लरने फोटोतला मूळ दाणा (ग्रेन) पुसलेला असतो. स्पष्ट भागात दाणा आणि बाकी काचेसारखं गुळगुळीत, ही विसंगतीही अशाने जाते.

त्या यार्डाच्या फोटोवर मी पुन्हा बसलो. सिग्नलचे सगळे खांब वेगळे काढले, नकाशा रंगवला, पुढचं झाड क्रॉप केलं, दूरचं धुकं काढलं. डबे शेवटी हाताने उचलून ठेवावेत असे दिसायला लागले. एकच जागा अडली. रुळांच्या वर एक कावळा उडत होता. माझा सगळा नियम पायांवर उभा, आणि याचे पाय जमिनीवर नाहीतच. तो पुलाजवळ होता की यार्डाच्या पलीकडे, हे फोटोवरून कळायला मार्ग नव्हता. दोनदा वेगवेगळा करडा देऊन पाहिला, दोन्ही वेळा तो डब्याएवढा राक्षसी वाटला. शेवटी क्लोनने उडवला.